शेरूचा रस्ता

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'घरातलं म्हातारपण' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच माणसं होती. मी विचारलं, घरातली म्हातारी कुत्री-मांजरं चालतील का? आणि त्यांच्या आजूबाजूचं जुनं लाकूड? थोडा वेळ फोनवर शांतता होती. मग ते म्हणाले, "जाऊन बघा आणि मग लिहा."

जाऊन बघितलं ते पहिलं घर एरंडवण्यातलं. तिसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला बर्मी सागाचं आरशाचं कपाट, त्याला लागून शिसवी आरामखुर्ची, पाय टाकायला लांब हात असलेली. खिडकीशी एक दिवाण. दिवाणाखाली शेरू झोपलेला. जातीने लॅब्रॅडॉर, वय तेरा पूर्ण, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. आणि फरशीवर मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून वळून बाल्कनीपर्यंत, तागाच्या पायपुसण्यांची एकाला एक शिवलेली पट्टी. घरात तिला 'शेरूचा रस्ता' म्हणतात. या रस्त्यावर चप्पल ठेवायची नाही, पिशवी टेकवायची नाही, पाहुण्यांनी खुर्ची ओढायची नाही. मीही दप्तर मांडीवर घेऊन बसलो.

काका बँकेतून निवृत्त झालेले. जुन्या फर्निचरचा नाद त्यांचा. काकूंनी सगळी हकिगत एका दमात सांगितली. "हे महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी उचलून आणायचे. एकाला जागा करायची म्हणजे दुसरं सरकवायचं. आम्हाला त्याची सवय झाली होती. पण शेरू रोज नव्याने धडकायला लागला. नाकाला खोक पडली, तेव्हा यांना म्हटलं, आता एकतर सामान हलणार नाही, नाहीतर मी शेरूला घेऊन माहेरी जाते."

सामान हलायचं थांबलं. काकांचा नाद मात्र सुटलेला नाही. तो कसा टिकला, हे पाहायला मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो.

बुधवार-रविवारचा माल

पुण्यातला जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. प्लास्टिकच्या कागदावर मांडलेली हत्यारं, नळाच्या तोट्या, नाणी, बंद पडलेली घड्याळं, पितळेच्या कड्या. मोठं फर्निचर इथे कमीच. ज्यांच्याकडे ते असतं ते मोबाइलवर फोटो दाखवतात आणि माल गोदामात बघायला बोलावतात. मुंबईत हाच व्यवहार भेंडीबाजारालगत मटण स्ट्रीटवर चालतो, किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात.

माल येतो कुठून, याला उत्तर एकच मिळतं: पाडकाम. वाडा पडला, चाळ गेली, बंगल्याच्या जागी इमारत उठली. नव्या फ्लॅटचं छत खाली असतं, लिफ्ट अरुंद असते, आणि भिंतीतली कपाटं बिल्डरनेच दिलेली असतात. आजीचं सात फुटी कपाट मग जिन्यातच अडतं. आठवडाभरात कुणीतरी जुनं सामान घेणाऱ्याला फोन करतं.

या मालात बर्मी साग इतका का सापडतो, याला इतिहास आहे. 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ब्रह्मदेशाच्या जंगलातला साग तोडायचे हक्क तिच्याकडे होते. मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला, त्या वादाचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध पुकारलं आणि वरचा ब्रह्मदेश घशात घातला. नंतरची कित्येक वर्षं तो साग मुंबईच्या बंदरात उतरत राहिला आणि खांब, तुळया, पलंग, कपाटं होऊन घराघरांत गेला. दुसरा साग आपल्याच विदर्भातला, चंद्रपूर-बल्लारशाकडचा. व्यापारी त्याला अजूनही 'सीपी' म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत नकाशावरून गेला, वखारीतून गेला नाही. शिसवाची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेलं कोरीव शिसवी फर्निचर परदेशात आजही 'बॉम्बे ब्लॅकवूड' या नावाने ओळखलं जातं. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

गोदामात काका कपाटाच्या दर्शनी बाजूकडे बघतही नाहीत. आधी पाठ बघतात. पाठीला अखंड फळ्या आहेत की मागाहून प्लायवूड मारलंय? मग खण पूर्ण बाहेर काढून उलटा करतात. हाताने केलेल्या खणाच्या तळाला रंध्याचे अस्पष्ट चर बोटांना लागतात. मग कपाट जागचं हलवून त्याच्याखालची जमीन पाहतात. तिथे पिठासारखा ताजा भुसा पडला असेल तर किडा अजून आत आहे. सागाच्या गाभ्याला किडा सहसा लागत नाही, पण कडेच्या फिकट, रसाळ लाकडाला लागतो, आणि जुन्या सुतारांनीही पाठीमागे, खणाच्या बाजूंना ते फिकट लाकूड वापरलेलं असतं.

आता काकांनी स्वतःपुरता नियम केला आहे. घरात एक वस्तू आली तर त्याच जागेवरची, त्याच लांबीरुंदीची एक वस्तू बाहेर जाईल. ते खिशात मोजपट्टी घेऊन फिरतात. शेरूच्या रस्त्यापासून कपाटाचा पाय किती इंचांवर आहे, हे त्यांना तोंडपाठ आहे. संग्राहकाच्या हौसेला याहून चांगलं वळण मी पाहिलेलं नाही.

नाक, मिशा आणि पायाखालचा ताग

डोळे गेलेला कुत्रा घरात इतका बिनचूक कसा वावरतो, हे मी कोथरूडच्या एका पशुवैद्य बाईंना विचारलं. त्यांनी आधी एक गैरसमज दूर केला. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर धूर दिसला की लोक मोतीबिंदू म्हणून घाबरतात. बरेचदा ते वयानुसार घट्ट झालेलं भिंग असतं. त्यातून कुत्र्याला पुष्कळसं दिसतं. मोतीबिंदू पांढरा, अपारदर्शक असतो आणि तो दृष्टी अडवतो. दोन्हींतला फरक डॉक्टरने यंत्राने बघूनच सांगायचा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, पण कुत्र्याचं वय, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा हे सगळं धड असेल तरच. शेरूच्या बाबतीत ते जमण्यासारखं नव्हतं.

मग राहतात नाक, मिशा, पंजे आणि आठवण. आंधळा कुत्रा घराचा नकाशा डोक्यात ठेवतो. दिवाणापासून दारापर्यंत किती पावलं, कपाटाचा कोपरा कुठे, हे त्याला पाठ होतं. म्हणून वस्तू हलली की त्याचा नकाशा चुकतो. पायाखालच्या स्पर्शाने खूण देता येते. ताग लागला की आपण वाटेवर, गार फरशी लागली की वाट सुटली. पाण्याच्या भांड्याखाली वेगळ्या पोताची चटई ठेवली तर तो भांड्यात पाय न घालता थांबतो. शेरूच्या घरी ती चटई सुंभाची आहे. तो येतो, पुढचा उजवा पंजा सुंभावर टेकवतो, क्षणभर थांबतो आणि मान खाली घालून पाणी पितो. मी तिथे होतो तेवढ्या वेळात त्याने एकदाही भांडं सांडलं नाही.

त्याच तागाचं दुसरं काम सांध्यांसाठी. आताच्या घरांतली गुळगुळीत टाइल म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याचा शत्रू आहे, हे बाईंनी दोनदा सांगितलं. मागच्या पायांत जोर नसला की ते फाकतात, कुत्रा पडतो, आणि एकदा पडलेला कुत्रा उठायलाच घाबरतो. हालचाल थांबली की स्नायू आणखी झडतात. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हा काळ सातव्या-आठव्या वर्षापासून सुरू होतो, छोट्या जातींत थोडा उशिरा. जुन्या वाड्यांतली खरबरीत शहाबादी फरशी या बाबतीत चांगली होती. आता ती नाही, तर ताग, रबर, जुनी सतरंजी, जे न सरकणारं असेल ते घालावं. पंजाखालचे वाढलेले केस कापावेत, नखं वेळच्या वेळी काढावीत. आणि वजन उतरवावं. लठ्ठ लॅब्रॅडॉरचं वजन उतरलं की त्याच्या दुखण्यात जो फरक पडतो तो नुसत्या औषधाने पडत नाही, असं त्यांचं ठाम मत. फिरवायचं ते एकदम लांब नाही, थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा.

जुने पलंग उंच असतात, आणि हयातभर पलंगावर झोपलेला कुत्रा म्हातारपणी खाली झोपायला कबूल होत नाही. शेरूसाठी काकांनी पलंगाचे पाय कापायचं ठरवलं होतं. सुतार मिस्त्रींनीच ते मोडून काढलं. ते म्हणाले, "साहेब, पाय कापला की पलंग गेला. चढण करून देतो." एका पडक्या वाड्याच्या दाराची फळी त्यांनी पलंगाला लावून दिली, उतार जितका लांबवता येईल तितका लांबवला, वर तागाचं कापड ठोकलं. खिळ्यांची डोकी आत बसवली आणि दोन्ही कडांना बोटभर उंच पट्टी मारली, म्हणजे न दिसणाऱ्याचा पाय बाहेर पडू नये. तेरा वर्षांच्या कुत्र्यासाठी इतकं चोख काम मी क्वचितच पाहिलं असेल.

वेताच्या जाळीत अडकलेलं नख

दुसरं घर दादरच्या हिंदू कॉलनीत. एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका आणि त्यांची सतरा वर्षांची मांजर, चिंगी. घरात बंद पडलेल्या एका इराणी हॉटेलातून आलेल्या चार काळ्या खुर्च्या. वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या या खुर्च्यांचं मूळ व्हिएन्नात. मिखाएल थोनेटने १८५९ मध्ये बाजारात आणलेली खुर्ची अवघ्या सहा लाकडी तुकड्यांची होती, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या घनमीटरभर खोक्यात मावत. म्हणूनच तिला जहाजातून जगभर जाता आलं. तिचीच भावंडं मुंबईच्या इराण्यांकडे आली आणि त्यांच्यावर बसून कित्येक पिढ्यांनी ब्रून मस्का खाल्ला.

चिंगी यांतल्या एकाच खुर्चीवर झोपते. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, पूर्वीसारखी आत ओढली जात नाहीत, आणि ओरबाडणं कमी झाल्याने झिजतही नाहीत. एका रात्री चिंगीचं नख वेताच्या जाळीत अडकलं. तिने झटका दिला, वेत तुटला, नखही मुळातून दुखावलं. शिक्षिका बाईंनी दोघांवर उपचार केले: चिंगीची नखं आता दर पंधरा दिवसांनी कापली जातात, आणि खुर्ची विणून घेतली.

विणणारा कारागीर त्यांच्या गॅलरीतच बसला होता. वेताच्या सालीच्या चपट्या, चकचकीत पट्ट्या बादलीत भिजत घातलेल्या. बैठकीच्या चौकटीला कडेने भोकं. आधी मागून पुढे उभे दोरे, त्यावर आडवे, पुन्हा उभे, मग आडवा फेरा उभ्यांच्या खालीवर ओवत. मग एक तिरका, मग उलटा तिरका. या तिरक्यांनी चौकोनी भोकांचे कोपरे कापले जातात आणि जाळीला आठ कोनांची नक्षी येते. प्रत्येक भोकात दोरा सैल पडू नये म्हणून तो लाकडी खुंटी ठोकतो, पुढचा फेरा आला की काढतो. शेवटी कडेने एक रुंद पट्टी बसवून भोकं झाकतो. वीण ओली असताना किंचित ढिली वाटते. वाळली की वेत आकसतो आणि बैठक ताठ होते, टिचकी मारली की आवाज देते. एकेकाळी सरकारी कचेऱ्यांतल्या, कोर्टातल्या खुर्च्या विणायचं काम मोठ्या प्रमाणावर अंध कारागीर करत. अंधशाळांत ते शिकवलं जाई. आता प्लास्टिकची तयार जाळी खाचेत दाबून बसवतात. ती लवकर होते, पण उन्हाने तडकते. खऱ्या वेताला अधूनमधून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवलं तर तो पुष्कळ वर्षं जातो. कोरडा पडला तर तुटतो.

नव्या विणीवर बाईंनी जाडसर गोधडी घालून दिली. शेजारी एक पाट आणि एक चौरंग, पायऱ्यांसारखे. सांधे दुखणारं मांजर कुत्र्यासारखं लंगडत नाही. ते फक्त उंच उडी मारणं सोडून देतं, पाठ चाटून साफ करणं सोडून देतं, आणि आपण म्हणतो, 'आता शांत झालीये.' त्या शांतपणामागे बरेचदा दुखणं असतं. चिंगी पाणी जास्त पिऊ लागली, तेव्हा बाईंनी रक्त तपासून घेतलं. मूत्रपिंडाचा आजार निघाला. म्हाताऱ्या मांजरांत तो फार आढळतो आणि लवकर कळला तर आहार-औषधांवर पुष्कळ काळ निभावतो.

पॉलिश, डांबरगोळ्या, फिनेल

जुनं लाकूड आणि जनावरं या दोन नादांची गाठ जिथे घातक पडते ती जागा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

जुन्या लाकडाचं खरं पॉलिश चपड्याचं. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव गाळून केलेले पातळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा मलमलीत बांधून त्याने हात हलका ठेवत थरावर थर चढवायचे. चपडा स्वतः निरुपद्रवी, गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायलाही तो वापरतात. स्पिरिट मात्र विषारी. ओल्या पॉलिशवर झोपून अंग चाटणाऱ्या मांजराला त्याची बाधा होते. काम चालू असताना आणि वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी दुसऱ्या खोलीत हवा. चपड्याचा एक गुण असा की डाग पडला तर तेवढ्यापुरतं पुन्हा पॉलिश मारता येतं. हल्लीच्या रासायनिक पॉलिशला बहुधा सगळं खरवडावं लागतं. अवगुण असा की क्षाराने तो विरघळतो, आणि मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा ताबा सुटला की कपाटाचे पाय आधी खराब होतात ते यामुळे. ताबडतोब टिपून घ्यावं, साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करावं.

आपण काय करतो? फिनेल ओततो. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करता येत नाहीत. माणसाकडे असलेली ती सोय त्याच्याकडे फार तोकडी आहे. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेन धोक्याचं. 'सांधे दुखताहेत, माझीच गोळी अर्धी देतो' हे वाक्य डॉक्टरांनी मला ऐकवलं, आणि त्यामागून आलेली पोटातल्या रक्तस्रावाची, निकामी मूत्रपिंडांची प्रकरणंही.

जुनं कपाट घरी आलं की कुबट वास जावा म्हणून खालच्या खणात डांबरगोळ्या टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. कुत्र्या-मांजरांना त्या विषारी. वाळवीसाठी मारलं जाणारं क्लोरपायरीफॉस आणि किड्यांवरचं परमेथ्रिन यांनी मांजरं दगावतात. लाकडाला औषध करायचंच तर विकत घेतलेली वस्तू घरी आणण्याआधी, गोदामातच, भोकाभोकांत सुईने करून घ्यावं आणि तिथेच वाळू द्यावं. आणि रंगवलेलं जुनं फर्निचर घरात घासू नये. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी कडक झाली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगाची धूळ फरशीवर बसते आणि फरशीवर झोपणाराच ती चाटतो.

रात्रीचे प्रश्न

शेरू अलीकडे रात्री अडीच-तीनला उठतो. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरतो आणि त्याला मागे सरता येत नाही. तिथेच उभा राहून हलक्या आवाजात हाका मारतो. हा हट्ट नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूला लागणारा विसराळूपणाचा आजार आहे. दिवसा झोप, रात्री जाग, भिंतीकडे टक लावून पाहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभं राहणं ही त्याची लक्षणं. औषधाने आणि आहाराने थोडा उतार पडतो, बरा होत नाही. काकांनी कपाटामागची फट बर्मी फळीने बुजवली आणि रात्रभर पॅसेजमध्ये मंद दिवा ठेवला. डोळे नसलेल्याला दिवा कशाला, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "दिवा आमच्यासाठी. त्याला शोधायला उठतो तेव्हा आम्ही पडू नये." दोघंही सत्तरीच्या पुढे आहेत.

शेवटाचंही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर काकू रोज रात्री शेरूच्या नावाने फुली किंवा टिकली काढतात. चांगला दिवस गेला तर टिकली. नीट खाल्लं, स्वतः उठला, शेपूट हलली, यावरून ठरतं. डॉक्टरांनीच ही रीत सांगितली. सलग फुल्या वाढल्या की आपण तिघं बोलू, असं ठरलंय. झोपवायची वेळ आली तर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ते लागलं की भुलीचं औषध जास्त मात्रेत. प्राण्याला वेदना होत नाहीत. मला वाटतं, हा निर्णय आजार ऐन भरात येण्याआधी घरात बोलून ठेवणं ही मालकाची जबाबदारीच आहे.

अशा वेळी मुंबईकरांचा आधार परळचा. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकापासून तिथे उभं आहे, त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालयही आहे. आणि मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दहनाची सोय केली. त्याआधी लोकांना हा प्रश्न कुठे घेऊन जायचा ते कळत नसे.

टेम्पोत शेवटी काय चढवावं

आज पुण्या-मुंबईत ज्याला त्याला पुनर्विकासाची घाई आहे. सोसायटी पाडायला जाते, दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतात, आणि आवराआवरीत पहिली कुऱ्हाड पडते ती जड लाकडावर. ज्या घरात म्हातारं जनावर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तो दिवाण, ती खुर्ची, तो ज्या कपाटाच्या पायाशी झोपतो ते कपाट आत्ता विकू नका. नव्या जागेत भिंती परक्या असतील, लिफ्ट परकी असेल, डोळे आणि कान तर केव्हाचे गेलेले असतील. ओळखीचा वास एवढाच काय तो त्याच्याकडे उरतो, आणि तो त्या लाकडात, त्या गादीत मुरलेला असतो. म्हणून सामान हलवताना त्याचं अंथरूण धुऊ नका. टेम्पोत शेवटी चढवा आणि नव्या घरात सर्वांत आधी उतरवून मांडा. जुन्या घरात जे ज्याच्या शेजारी होतं, तेच त्याच्या शेजारी राहू द्या. नवा घरमालक किंवा सोसायटी कुत्र्याला लिफ्ट वापरू देत नसेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक दाखवा. पाळीव प्राण्यांवर आणि त्यांच्या लिफ्टच्या वापरावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

दिवाण विकायचाच असेल तर नंतर विका. बर्मी सागाला गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही मिळेल.